चकचकीत म्हणजे प्रूफ नव्हे!

मुदखेडहून बोलतोय. आज विषय नाण्यांचा, आणि आधी थेट अमेरिका गाठू.

तिथल्या एका चांदीच्या डॉलरवर १८०४ साल आहे, पण तो पाडला १८३४-३५ च्या सुमारास. कशासाठी? सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना नजराणा द्यायला! त्यातलाच, मस्कतच्या नावानं ओळखला जाणारा एक डॉलर २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरला गेला.

अशा नाण्याला प्रूफ म्हणतात. हे बाजारात चालवायला नसतं. ठसा घासून आरशासारखा करतात, चकतीही तशीच, आणि बहुतेक वेळा दोनदा दाबतात. आपल्या मुंबईच्या टांकसाळीतूनही प्रूफ संच निघतात.

आता आपल्याकडचं बघा. लोकांना वाटतं, चमकलं की भाव वाढला. मग आज्जीच्या संदुकीतला निजामी रुपया चिंचेनं, नाहीतर टूथपेस्टनं घासतात. ती चमक प्रूफची नाही हो! भिंगातून पाहिलं की ओरखडे उघडे पडतात आणि संग्राहक हात आखडता घेतो. काळपट पडलेला रुपया तसाच राहू द्या.

आपला भाग हैदराबाद संस्थानात होता, म्हणून घराघरांत हाली शिक्का सापडतो. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये, असा हिशोब. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मशिनवर पाडलेल्या रुपयावर चारमिनार आला. त्याच्या मधल्या कमानीत बारीक अक्षर असतं. उर्दू 'मीम' असेल तर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेले उस्मान अली खान. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या नाण्यांत हा ऐन अर्धाच आहे, पुढं तो पूर्ण झाला. संग्राहक आधी तिथंच बघतात. वर ९२ दिसलं तर ते साल नव्हे, 'मुहम्मद' या नावाच्या अक्षरांची बेरीज आहे. साल हिजरी असतं.

सोनाराला यातलं काही घेणं नाही. तो वजन करतो, चांदीचा भाव लावतो आणि रुपया मुशीत जातो. हाली रुपयात चांदी सुमारे ८२ टक्के, म्हणजे घटही कापणार! विकायचाच असेल तर आधी कमान बघा.

फोटो काढताना फ्लॅश बंद, उजेड बाजूनं. अक्षर लगेच उठून दिसतं.