परीक्षेतील चिंता आणि मनातला हातचा



राज्याचे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून अभ्यासक्रम अनेकदा बदलले, प्रश्नपत्रिकांचे आराखडे बदलले. परंतु आदल्या रात्रीपर्यंत सारे येत असलेल्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका हाती पडताच काहीच आठवेनासे व्हावे, हा अनुभव बदललेला नाही. “अभ्यासच केला नसेल,” असे म्हणून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. हे निदान पुष्कळदा चुकीचे असते.

बेरीज करताना हातचा मनात धरावा लागतो. तो धरण्याची मनातील जागा फार लहान असते. मानसशास्त्रात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. “नापास झालो तर घरी तोंड कसे दाखवू?” हा विचार नेमका त्याच जागेत ठाण मांडून बसतो. शिकलेले पुसले जात नाही, हातच्याला जागा उरत नाही. वर्गाबाहेर पाऊल पडताच उत्तर आठवते ते यामुळेच. छातीची धडधड आणि चिंतेचे विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे लीबर्ट आणि मॉरिस या अमेरिकन अभ्यासकांनी १९६७ मध्ये दाखविले. गुणांशी खरे वैर असते ते विचारांचे. धडधड होणारच, तिने पेपर बिघडत नाही, एवढे जरी मुलांना आधी सांगितले तरी निम्मी भीती ओसरते.

मग विचार घालवायचे कसे? “घाबरू नकोस” हा आपल्याकडील सार्वत्रिक उपदेश. पण औषध घेताना माकड आठवू नकोस, असे बजावणाऱ्या वैद्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असे सांगून हीच गोष्ट प्रयोगाने पडताळली. अस्वल पुनःपुन्हा आठवत राहिले. विचाराशी झुंज घेण्यापेक्षा तो कागदावर उतरवावा, असा एक उपाय आहे. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील भीती लिहून काढल्याने चिंताग्रस्त मुलांचे गुण सुधारल्याचे रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये नोंदविले. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरपडताळणीत त्यांच्या एका प्रयोगाचा परिणाम पुन्हा आढळला नाही, म्हणून यास रामबाण मानू नये. खर्च मात्र एका कागदाचा आहे.

परीक्षागृहात गेल्यावर विसरण्याची धास्ती असलेली सूत्रे कच्च्या कामाच्या जागी प्रथम उतरवावीत, म्हणजे तेवढा भार मनावरून उतरतो. सोपा प्रश्न आधी घ्यावा. विचार आलाच तर तो आला एवढे ओळखावे, श्वास सावकाश सोडावा आणि प्रश्नाची ओळ बोट ठेवून पुन्हा वाचावी. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी मिळत असे. २०२३ पासून ती प्रथा बंद होऊन ती दहा मिनिटे शेवटी जोडण्यात आली. हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. त्यामुळे “आधी दहा मिनिटे वाचून काढ,” असा जुना सल्ला घेऊन मूल केंद्रावर जाते आणि पहिल्याच क्षणी गोंधळते.

हे सारे परीक्षेच्या दिवशी प्रथमच करून भागत नाही. शाळेने पूर्वपरीक्षा पूर्ण वेळेची, घड्याळ लावून आणि शक्य तर दुसऱ्या वर्गखोलीत घ्यावी. केंद्र परगावी असेल तर मुलांना ते एकदा दाखवून आणावे. कुठे बसायचे, पाणी कुठे मिळते, परतीची एसटी किती वाजता, हे आधी कळलेले बरे.

चिंतेचा मूळ प्रश्न मात्र उरतोच: नापास झालो तर? त्याला पोकळ धीर नको, खरे उत्तर हवे. निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. ही माहिती निकालानंतर नव्हे, परीक्षेआधी चावडीवरील फलकावर लागली पाहिजे. गावात पहिल्या आलेल्यांचे फलक लावण्यास जो उत्साह असतो, त्याचा अल्पांश येथे पुरेल. परीक्षेच्या दिवसांत जत्रा आणि लग्नसराईही असते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास नियमाने बंदी आहेच. परंतु त्याआधीही, अभ्यासाच्या वेळी आवाज आवरण्याची विनंती पंचायतच करू शकते. शिक्षकांचे ते काम नव्हे.

एखाद्या मुलाचे जेवण तुटले, झोप गेली, किंवा जगण्यात अर्थ नाही असे ते बोलू लागले, तर तो प्रश्न परीक्षेचा राहत नाही. अशा मुलास एकटे ठेवू नये, दटावूही नये. त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही निःशुल्क सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात परीक्षेच्या महिनाभर आधी लिहिला जावा, आणि निकाल लागेपर्यंत पुसला जाऊ नये.