मुक्या जिवाचे ताट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपल्यापैकी एकजण घरच्या उपयोगाचे चार शब्द बोलते. यंदा चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "कुत्र्याचे जेवण." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, माणसांच्या जेवणावर काही बोलला असता तर?" त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु आपल्या एका आळीत आज सात घरी कुत्री आहेत, आणि गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघींनी मला एकच प्रश्न विचारला : "कुत्र्याला कच्चे मांस द्यावे म्हणतात, ते खरे का हो?" त्या दिवशी मी उत्तर टाळले. कारण उत्तर द्यायचे तर माझी चूक आधी सांगावी लागली असती. आज ती सांगते.

आमच्या घरी तीन पिढ्यांत कुत्रे नव्हते, आणि मांसही शिजत नव्हते. एका दिवाळीत माझ्या मुलाने दोन महिन्यांचे लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू आणले. सासूबाई आधी रागावल्या; पण पिल्लू त्यांच्या पायाशी येऊन झोपले, तशा विरघळल्या. "खंडोबाबरोबर कुत्रा असतोच," म्हणाल्या आणि त्यांनीच त्याचे नाव खंडू ठेवले. मी त्याला दूधपोळी कुस्करून घालू लागले.

मुलाला ते पसंत पडेना. त्याने पुष्कळ वाचन केले होते. "आई, अगं कुत्रा हा मुळात लांडगा. लांडगा कुठे चूल पेटवतो? त्याला कच्चे मांसच हवे," असे तो सांगे. ऑस्ट्रेलियातील इयन बिलिंगहर्स्ट नावाच्या पशुवैद्याने 1993 साली या विषयावर पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून या कच्च्या आहाराचा बोलबाला झाला, हेही त्याने मला सांगितले. घरातल्या मुलाने अभ्यास करून सांगितलेले आईला पटतेच. आमच्या फ्रीजमध्ये आंब्याच्या रसाच्या डब्याशेजारी मटणाचा डबा आला. सासूबाईंनी तो कप्पा कायमचा सोडून दिला, पण खंडूसाठी त्यांनी तेही सोसले.

आता माझी चूक. मांस आणायला मुलगा जाई. पण त्याला बजावून कोण सांगे, तर मी. "हाडे बिलकूल आणू नकोस. इवलासा जीव तो, घशात अडकायची. नुसते मऊ मांस आण, महाग पडले तरी चालेल." तो बोनलेस मटण आणी. मी डोळे किलकिले करून त्याचे तुकडे करी आणि खंडू मिटक्या मारीत खाई. त्याचे अंग भरले, केस रेशमासारखे चमकू लागले. येणारा जाणारा म्हणे, "काय गुटगुटीत आहे हो!" मला केवढा अभिमान!

संक्रांतीच्या सुमारास तो लंगडू लागला. खेळताना पडला असेल, असे आम्हाला वाटले. आठ दिवसांनी त्याने पायरी चढणे सोडले. उचलून घेतले की कळवळून ओरडे. एके सकाळी तो उठेचना. नुसता माझ्याकडे पाहत शेपटी जमिनीवर आपटत राहिला. दुखत असूनही शेपटी हलवणारा तो जीव आठवला, की आजही माझ्या घशात आवंढा येतो.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणांचे चित्र काढून आमच्यापुढे धरले. निरोगी हाड चित्रात पांढरे स्वच्छ दिसते. खंडूची हाडे धुरकट, काचेसारखी दिसत होती, आणि मागच्या एका पायाचे हाड ओल्या फांदीसारखे वाकून चिरले होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याला खायला काय देता?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "उत्तमातले मटण, एकही हाड नाही!" त्या म्हणाल्या, "काकू, तेच झालंय."

त्यांनी जे समजावले ते मी आपल्या भाषेत सांगते. मांसात स्फुरद भरपूर, पण चुना, म्हणजे कॅल्शियम, अगदी थोडे. कुत्र्याच्या अन्नात चुना स्फुरदाच्या बरोबरीने किंवा थोडा अधिकच हवा. नुसत्या मांसात तो स्फुरदाच्या कित्येक पटींनी कमी पडतो. आता रक्तातला चुना हा घरच्या रोजच्या खर्चासारखा आहे. तो थांबवता येत नाही. थांबला तर स्नायू चालणार नाहीत, हृदय चालणार नाही. मिळकत कमी पडली की आपण काय करतो? साठवणीतला पैसा मोडतो. शरीराची चुन्याची साठवण म्हणजे हाडे. गळ्याजवळच्या लहानशा ग्रंथी हुकूम सोडतात आणि शरीर आपल्याच हाडांतून चुना काढून रक्ताला पुरवते. मोठ्या कुत्र्यात हे सावकाश होते. पिल्लाची हाडे वाढीला लागलेली असतात. त्यामुळे काही आठवड्यांतच ती पोकळ होतात. वरून अंग गुटगुटीत, केस रेशमी, आणि आत घर पोखरलेले!

घरी येऊन मुलाने ते ऑस्ट्रेलियन डॉक्टरांचे पुस्तक पुन्हा उघडले. त्याच्या नावाचाच अर्थ 'तुमच्या कुत्र्याला हाड द्या' असा आहे! त्यांच्या पद्धतीत मांस चिकटलेली कच्ची हाडे हाच मुख्य भाग. आम्ही त्यातले मांस तेवढे घेतले आणि हाडे गाळली. मुलाने वाचले अर्धे, आईने ऐकले अर्धे, आणि त्याची भरपाई एका मुक्या जिवाच्या पायांनी केली.

मग हाडांसकट कच्चे दिले असते तर प्रश्न मिटला असता का? हेही मी डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांचे उत्तर तीन भागांत सांगते.

पहिली गोष्ट लांडग्याची. लांडगा बोनलेस खात नाही. तो शिकार हाडे, कातडी, आतडी यांसकट खातो. शिवाय त्याला जंत होतात, त्याचे दातही मोडतात, फक्त ते पाहायला आपण रानात नसतो. आणि आपला कुत्रा आता पुरता लांडगा राहिलेला नाही. 2013 साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की धान्यातले पिष्ट पचवणारा रस तयार करण्याच्या जनुकाच्या लांडग्यात 2 प्रती असतात, तर कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. म्हणजे माणसाच्या दाराशी हजारो वर्षे राहून, त्याचे उष्टेमाष्टे खाऊन कुत्र्याचे पोट भाकरीला सरावले. आपल्या देशावरच्या धनगरांचे कुत्रे भाकरी, दूध, ताक यांवरच मेंढ्या राखत आले. आपल्या शास्त्रानेही वैश्वदेवाच्या वेळी कुत्र्यासाठी घास काढायला सांगितला, तो शिजल्या अन्नाचाच. याचा अर्थ नुसती भाकरी पुरते असा मात्र नव्हे. तिच्यात प्रथिने कमी पडतात. पण शिजवलेले अन्न म्हणजे कुत्र्याला विष, ही समजूत खोटी.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. कच्च्या मांसावर साल्मोनेला आणि त्यासारखे जंतू असू शकतात. कुत्रा ते पुष्कळदा पचवतो आणि टुणटुणीत दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून आणि तोंडातून ते घरभर जातात. ज्या जिभेने तो भांडे चाटतो, त्याच जिभेने नातवाचे तोंड चाटतो. रांगते मूल, गर्भार सून, आजारातून उठलेले किंवा वृद्ध माणूस, यांना त्याची बाधा लवकर होते. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या मुख्य संघटनेने 2012 साली ठराव करून, न शिजवलेले प्राणिज अन्न कुत्र्या-मांजरांना देऊ नये असा सल्ला दिला, तो यासाठीच. फ्रीजरमध्ये ठेवले म्हणजे जंतू मेले, असे आपल्याला वाटते. पण ते बहुतेक नुसते झोपी जातात. त्यांना मारते ती आच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कारण ती कुत्रे नसलेल्या घरांनाही लागू आहे. मांस महाग म्हणून पुष्कळजण खाटकाकडून स्वस्तातली फोपसे, कलेजी, वजडी आणून कच्चीच कुत्र्याला घालतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना तर दुकानामागे ती आयतीच मिळतात. मेंढ्या, बकऱ्या, गुरे यांच्या फुप्फुसांत आणि काळजात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्यांना हायडॅटिड म्हणतात. त्या गाठी म्हणजे एका जंताची पिल्लावळ. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटर लांबीचे चपटे जंत वाढतात. कुत्र्याला त्यांचा विशेष त्रास नाही. परंतु त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, मातीत, भाजीपाल्यावर जातात. आपल्या हातून ती पोटात गेली, की माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ धरते आणि वर्षानुवर्षे गुपचूप वाढत राहते. पुष्कळदा ती शस्त्रक्रियेने काढावी लागते.

यावर उपाय मात्र साधा आहे, आणि तो करून दाखवलेल्या देशांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. आइसलँड हे मेंढ्यांचे बेट. तिथे एकोणिसाव्या शतकात हा रोग घरोघर होता. 1863 साली हाराल्ड क्राब्बे नावाचे डॅनिश वैद्य तो अभ्यासायला गेले. दुसऱ्या वर्षी त्यांची एक लहानशी पुस्तिका छापून तिथल्या घरांत वाटण्यात आली. मेंढीच्या गाठी कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा पुरा, हे तिचे सार. लोक हिवाळ्याच्या लांब रात्री घरात बसून वाचणारे. त्यांनी ती वाचली आणि पाळली. पुढे कायदे झाले, कुत्र्यांना जंताचे औषध देण्याची सक्ती झाली, आणि विसाव्या शतकात तो रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. न्यूझीलंडनेही 1959 साली कायदा करून कच्चा कोथळा कुत्र्याला घालण्यास बंदी केली. 2002 साली त्या देशाला आपण या रोगातून सुटलो असे म्हणता आले.

म्हणून भगिनींनो, ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांना माझे सांगणे असे. मांस द्यायचे तर शिजवून द्या. कलेजी द्यायची तर तीही शिजवून, आणि थोडीच. तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते, की रोज भरपूर दिल्यास तेही बाधते. शिजवलेले हाड मात्र कधीही देऊ नका. ते फुटून त्याचे काटे होतात आणि आतडे फाडतात. घरचे अन्न देत असाल तर चुना कशातून आणि किती द्यायचा, हे डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या. अंड्याच्या टरफलाची पूड चालते. पण तीही मापानेच, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाला चुना अती झाला तरी हाडे बिघडतात. पिल्लू असेल तर वाढीच्या वयासाठी तयार केलेले पूर्ण अन्न देणे सर्वांत बिनधोक. त्यात कमीपणा मानू नका. आपल्या ताटातली कांदा-लसणाची आमटी, बेदाणे घातलेला शिरा, चॉकलेट, हे कुत्र्याला विषासमान आहे. जंताचे औषध डॉक्टर सांगतील त्या वेळी चुकवू नका. आणि कुत्र्याला हात लावलेल्या मुलाने हात धुतल्यावाचून खाऊ खाऊ नये, हा नियम घरात कडक ठेवा.

काहीजण हाडे-मांस यांचे नीट प्रमाण बांधून, स्वच्छता पाळून कच्चा आहार देतात आणि त्यांची कुत्री धडधाकट दिसतात, हे मी नाकारीत नाही. परंतु त्याने शिजल्या अन्नापेक्षा अधिक फायदा होतो असे अजून सिद्ध झालेले नाही, आणि धोका मात्र उघड आहे. ज्या घरात मूल रांगते आहे, तिथे तो का पत्करावा?

खंडूचे काय झाले, ते सांगायचे राहिले. डॉक्टरीणबाईंनी त्याला दीड महिना एका लहान जागेत निजवून ठेवायला सांगितले. धावणे नाही, उडी नाही. त्या दीड महिन्यात सासूबाई दुपारी त्याच्याजवळ पाट मांडून पोथी वाचीत. जेवण बदलले तशी हाडे भरून आली. आज तो चार वर्षांचा आहे, धावतो, फाटकाशी येणाऱ्यांचे स्वागत करतो. त्याचा मागचा एक पाय मात्र थोडा वाकडा राहिला आहे. तुम्ही आमच्याकडे येता तेव्हा म्हणता, "याची चाल किती गमतीदार आहे!" मी हसते, पण ती चाल माझ्या हातची आहे, हे मला ठाऊक असते.

मुलाला भूक लागली तर ते रडते, दुखले तर सांगते. या जिवाला आपण जे पुढे ठेवू ते तो आनंदाने खातो आणि आपल्यावर विश्वास ठेवतो. म्हणून त्याच्या ताटात माया घालताना अर्धे ज्ञान घालू नये. एका बेटावर घरोघर वाचलेल्या लहानशा पुस्तिकेने एक रोग हटवायला सुरुवात केली. आपली ही स्मरणिकाही आळीतल्या प्रत्येक घरी जाणार आहे. ती वाचून एका जरी घरातले पिल्लू सरळ पायांनी धावले, तर माझी चूक सांगितल्याचे मला समाधान वाटेल.