फुटलेल्या मालाची तक्रार आणि आपली जबाबदारी



आजचा विषय अगदी व्यवहाराचा आहे. तुम्ही घरून चिनी मातीच्या, काचेच्या, टेराकोटाच्या वस्तू विकता. माल कुरिअरने जातो. चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोटो येतो. उघडा खोका, आत तुकडे, आणि खाली एक ओळ : "हे असं आलंय." आता पुढे काय करायचं?

थोडी माझी ओळख देतो. मी सैन्याच्या आयुध कोअरमधून निवृत्त झालो. नोकरीचा बराच काळ भांडारं सांभाळण्यात, माल बांधण्यात आणि पाठवण्यात गेला. निवृत्तीनंतर जयपूरला स्थायिक झालो. सूनबाई इथली ब्लू पॉटरी आणि उत्तर प्रदेशातल्या खुर्जाची चिनी मातीची भांडी देशभर विकते. वस्तू निवडणं, कारागिरांशी बोलणं, फोटो काढणं हे तिचं काम. खोके आणि तक्रारी माझ्याकडे. त्या अनुभवावर बोलतो आहे.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकतो. वस्तू फुटली की तिचा खर्च आपोआप सर्वांत दुबळ्या माणसाकडे घरंगळत जातो. कुरिअर कंपनी मोठी, तिच्याशी भांडायला वेळ नाही. म्हणून विक्रेता गिऱ्हाइकाला म्हणतो, "आमच्याकडून नीट गेलं होतं." किंवा कारागिराला म्हणतो, "तुझा माल कच्चा होता, या वेळी पैसे कापतो." या दोघांपैकी कोणीही खोका निवडला नव्हता, कुरिअरही निवडलं नव्हतं. दोन्ही आपण निवडलं. म्हणून तो खर्च आधी आपण उचलायचा. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

कायदा काय म्हणतो तेही बघू. पुष्कळ व्यापारी सांगतात, "माल ट्रान्सपोर्टला दिला, आमची जबाबदारी संपली." हे त्यांनी हवेतून काढलेलं नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात कलम ३९ आहे. वाहतूकदाराच्या ताब्यात माल देणं म्हणजे सकृद्दर्शनी खरेदीदाराला देणं, असं ते म्हणतं. पण त्याच कलमाचा पुढचा भाग सहसा कोणी वाचत नाही. मालाचं स्वरूप लक्षात घेऊन विक्रेत्यानं वाहतूकदाराशी वाजवी करार केला पाहिजे. तो केला नाही आणि वाटेत नुकसान झालं, तर खरेदीदार ती पोच मानायला नकार देऊ शकतो. शिवाय २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. ऑनलाइन बाजारपेठेवर विकणाऱ्यानं माल सदोष असेल किंवा सांगितल्याप्रमाणे नसेल, तर परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार द्यायचा नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची. फुटलेली बरणी ही 'सांगितल्याप्रमाणे' नाही, हे समजायला वकील लागत नाही. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतं, हेही ध्यानात ठेवा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. सैन्यात एक साधा क्रम असतो : आधी जखमी हलवायचा, चौकशी मागाहून. तक्रारीलाही तोच क्रम लावा. पहिलं उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, आणि त्यात चारच गोष्टी हव्यात. वाईट वाटलं, हे एका वाक्यात. नुकसान आमच्याकडे लागलं, हे स्पष्ट शब्दांत. दुसरी वस्तू हवी की पैसे परत, हा प्रश्न. आणि ते किती दिवसांत होईल, ती तारीख. मी साधारण असं लिहितो :

"ताई, फोटो मिळाले. इतकी वाट पाहून तुकडे हाती आले, याचं वाईट वाटतं. हे नुकसान आमचं आहे, तुम्हाला काही खर्च पडणार नाही. तशीच दुसरी बरणी पाठवू की पैसे परत करू? आज सांगितलंत तर उद्या पार्सल निघेल. तुकडे उचलताना हात सांभाळा."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. फुटलेल्या काचेच्या झिलईची कड पात्यासारखी असते, आणि घरात लहान मुलं असतात.

काय लिहायचं नाही, तेही सांगतो. "असं आजवर कधी झालं नाही" लिहू नका. समोरच्याला वाटतं, आपल्यावरच संशय आहे. "कुरिअरला कळवलं आहे, त्यांचं उत्तर आलं की सांगतो" हेही नको. गिऱ्हाइकानं पैसे तुम्हाला दिले आहेत. तुमची आणि कुरिअरची वेगळी फाइल आहे, तिची वाट त्यांनी का पाहावी?

फोटो मात्र मागा. चार पुरेत : बाहेरून खोका, त्यावरचं लेबल, उघडल्यावर आतली भरण, आणि तुकडे. ते गिऱ्हाइकावर विश्वास नाही म्हणून मागायचे नाहीत, पुढच्या तपासासाठी मागायचे, आणि तसं सांगायचं. हल्ली बरेच विक्रेते अट घालतात : खोका उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही. मला ती अट पटत नाही. हुबळीहून एका निवृत्त शिक्षिकेचा फोन आला होता. फुलदाणीचा काठ तुटलेला. शेजारच्या मुलानं पार्सल उघडलं आणि खोका रद्दीत गेला. त्यांच्याकडे साधा फोन, फोटो कसा पाठवणार? अशा माणसाला व्हिडिओ मागणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आम्ही दुसरी फुलदाणी पाठवली.

"काका, लोक फसवतील ना!" असं मला नेहमी विचारतात. काही जण फसवतात. त्यासाठी वही ठेवा. तारीख, वस्तू, गाव, पिनकोड, काय तुटलं, काय भरपाई दिली. एकाच पत्त्यावरून तिसऱ्यांदा तक्रार आली की वही सांगते. मग त्या एका माणसाकडून जास्त पुरावा मागा. बाकीच्यांना त्याची शिक्षा नको.

भरपाई ठरवताना प्रसंग विचारा. इंदूरच्या एका घरी वास्तुशांतीसाठी सहा कपांचा संच गेला होता, त्यातले दोन फुटले. चार कप शाबूत होते, म्हणून दोनाचे पैसे परत करणं हिशेबाला सोपं होतं. पण पाहुण्यांपुढे सहाच कप हवे होते. कार्यक्रम शुक्रवारी आहे हे कळल्यावर दोन कप विमानानं पाठवले. त्यात नफा गेला, पण कप वेळेवर पोहोचले. हातानं रंगवलेल्या वस्तूच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा : दुसरी वस्तू तंतोतंत तशीच नसेल. नवीन वस्तूचा फोटो आधी पाठवा, होकार घ्या, मगच माल रवाना करा. आणि तुकडे परत मागवू नका. त्यांचं भाडंही जातं आणि माणूसही दुखावतो.

इथवर जखमी हलवला. आता चौकशी.

तुटण्याची जागा बरंच काही सांगते. कपाचा कान तुटला आणि कप शाबूत, तर कानाच्या पोकळीत कागद भरला नव्हता. आधी कानात कागदाचा बोळा, मग सबंध कपाला वेष्टण. ताटल्या मधोमध तडकल्या, तर त्या आडव्या रचल्या होत्या. ताटल्या नेहमी कडेवर उभ्या ठेवायच्या, प्रत्येकीमध्ये पुठ्ठा. दोन वस्तूंचे समोरासमोर टवके उडाले, तर झिलईला झिलई टेकली होती. किटलीचं झाकण किटलीवरच ठेवून बांधलं, तर ते आतून घण घालत जातं. बूड फुटलं, तर खाली भरण कमी होती. सगळ्या बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण हवी. जास्त नाजूक वस्तूला खोक्यात खोका हवा, दोहोंमध्येही भरण. बांधून झाल्यावर खोका कानाशी धरून हलवा. आत काही खळखळलं, तर उघडा आणि पुन्हा बांधा.

'नाजूक माल' हे लेबल लावा, पण त्यावर विसंबू नका. गोदामातल्या पट्ट्याला वाचता येत नाही. त्यापेक्षा चाचणी करा. पार्सलच्या चाचणीची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिला इस्टा वन-ए म्हणतात. दहा किलोच्या आतला खोका सुमारे ७६ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण ओट्याच्या उंचीवरून, दहा वेळा टाकायचा : एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर आणि सहा बाजूंवर एकेकदा. घरी ही चाचणी करायला पैसे लागत नाहीत. खपात न जाणारा, टवका उडालेला नग घ्या, नेहमीसारखा बांधा आणि टाका. जे फुटायचं ते आपल्या फरशीवर फुटू द्या.

मोठ्या खोक्याला भाडं जास्त पडतं, हे खरं. कुरिअरवाले आकारमानाचंही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. २५ सेंटिमीटरचा चौकोनी खोका तीन किलोच्या थोडा वर भरतो, ३० सेंटिमीटरचा थेट ५.४ किलो. आत वस्तू एक किलोचीच. म्हणून लोक भरण कमी करून खोका लहान करतात आणि वाचवलेलं भाडं भरपाईत घालवतात.

कारण कळलं की मग कुरिअरकडे दावा करा. पार्सल देतानाच घोषित किंमत खरी लिहा आणि विम्याच्या अटी वाचा; काच आणि चिनी माती त्यातून वगळलेली आहे का, ते पाहा. दाव्याची मुदत पावतीवर किंवा करारात असते, ती सांभाळा. पैसे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास गिऱ्हाइकाला दिलेला शब्द बदलत नाही.

आता कारागीर. ब्लू पॉटरीत नेहमीची कुंभाराची माती नसते. क्वार्ट्झची भुकटी, काचेचा चुरा, मुलतानी माती आणि डिंक यांचा लगदा असतो, आणि ती कमी आचेवर भाजतात. खुर्जाचं स्टोनवेअर त्याहून खूप जास्त तापमानाला पक्कं होतं. तेव्हा ब्लू पॉटरी नाजूक असणं हा तिचा स्वभाव आहे, कारागिराचा दोष नव्हे. स्टोनवेअरच्या कपावर माल येताच बोटानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत केसाएवढा तडा असू शकतो. तो नग त्याच वेळी, कारागिरासमोर बाजूला काढा. एकदा माल पारखून घेतला की वाटेतलं नुकसान त्याच्या मजुरीतून कापायचं नाही. फुटक्या मालाचे फोटो मात्र त्याला दाखवा. एकाच घाटाच्या सुरईची मान पुन्हा पुन्हा मोडत होती. फोटो पाहून कारागिरानं स्वतःच मान थोडी आखूड आणि जाड केली. पैसे कापले असते, तर पुढचे फोटो पाहायला तो आला नसता.

शेवटी हिशेब, कारण चांगुलपणा हिशेबात बसला तरच टिकतो. समजा, शंभर नगांमागे तीन फुटतात आणि एका नगाची खरेदी, खोका आणि भाडं मिळून तुम्हाला ६५० रुपये पडतात. नुकसान झालं १९५० रुपयांचं. उरलेल्या ९७ नगांवर वाटलं तर नगामागे सुमारे वीस रुपये. हे वीस रुपये किमतीत उघडपणे धरा. ते धरले की तक्रार आल्यावर छातीत धस्स होत नाही, आवाज चढत नाही, आणि कोणाची मजुरी कापण्याचा मोह होत नाही. तुमचा आकडा वेगळा असेल. तो वहीतून काढा, अंदाजानं धरू नका.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं करा. एक कोरी वही घ्या आणि गेल्या सहा महिन्यांत फुटलेला प्रत्येक नग तिच्यात लिहा. आणि तुमचा नेहमीचा एक खोका ओट्यावरून खाली टाका. काय झालं ते मला कळवा.

जय हिंद.