हजेरी वॉर्डात भरते का?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



नर्सिंगच्या मुलींची हजेरी आणि त्यांचा गणवेश हा विषय व्याख्यानमालेत कशाला, अशी शंका संयोजकांपैकी काहींनी काढली होती. शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचं उत्तर देते. या मांडवात बसलेल्या बहुतेकांच्या घरातलं कुणी ना कुणी कधीतरी सिव्हिलमध्ये किंवा कॉलेजला जोडलेल्या एखाद्या मोठ्या दवाखान्यात भरती झालेलं असेल. त्याचा ताप, नाडी, बीपी एखाद्या विद्यार्थिनीनं घेतलेलं असेल. ती वेळेवर आली होती का, तिचे हात धुतलेले होते का, हा मग तिच्या कॉलेजचा घरगुती मामला राहत नाही. मी आधी वॉर्डात परिसेविका होते, पुढे पाठ्यनिर्देशिका झाले आणि सगळी नोकरी या मुलींबरोबर काढली. माझं म्हणणं असं आहे की हजेरीचा आणि पोशाखाचा प्रत्येक नियम रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहून तपासावा. तिथे जो टिकेल त्यात तसूभर सूट देऊ नये, आणि जो टिकणार नाही तो बिनदिक्कत काढून टाकावा.

हजेरीचा नियम काय आहे ते सांगते. १९४७च्या कायद्यानं स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद अभ्यासक्रम ठरवते. परीक्षेला बसायचं तर थिअरीला ८० टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते, मग गैरहजेरीचं कारण काहीही असो. पण पदवी किंवा पदविका हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते, तीही प्रत्येक विभागात वेगवेगळी. लेबर रूमचे बुडालेले दिवस मेडिकल वॉर्डात भरून चालत नाहीत. हा नियम पालकांना जाचक वाटतो. “मॅडम, लग्नाला चार दिवस गेली तर एवढं काय बिघडलं?” असं कितीतरी जणांनी मला विचारलं आहे.

काय बिघडतं ते बघा. मॉर्निंग ड्यूटी आठला सुरू होते, पण पाळी सोपवण्याचा ओव्हर त्याच्या आधी असतो. नाइटची सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून सांगत जाते. सहा नंबर, शुगरचा पेशंट, पहाटे शुगर एकदम उतरली होती, डेक्स्ट्रोज दिलंय, पुन्हा बघायची. नऊ नंबर, पिशवीचं ऑपरेशन, आज पहिलीच केस, एनबीएम. बारा नंबरच्या आजोबांना पेनिसिलिन चालत नाही, केसपेपरवर लाल शाईनं लिहिलंय. पंधरा नंबरची लघवी रात्रीपासून कमी झालीय, मोजून ठेवा. सगळा वॉर्ड या दहा-पंधरा मिनिटांत एका हातातून दुसऱ्या हातात जातो. आता एखादी मुलगी सव्वाआठला आली. मस्टरवर सही झाली, हजेरी पूर्ण लागली. नऊ नंबरच्या बाई तिला म्हणतात, “घसा सुकलाय गं, घोटभर चहा दे की.” ती मायेनं देते. एनबीएम म्हणजे तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, हे तिला पुस्तकात पाठ आहे. याच बाई एनबीएम आहेत हे मात्र ती ओव्हरला नव्हती म्हणून तिला माहीत नाही. पोटात काही असताना भूल दिली तर ते उलटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून ऑपरेशन लांबणीवर पडतं, बाईंचा दिवस उपासात जातो आणि गावाहून आलेल्या त्यांच्या मुलाची आणखी एक रजा जाते. हे झालं नशीब चांगलं असलं तर. चहा दिल्याचं कुणाला कळलंच नाही तर काय होईल, ते मी इथे बोलत नाही.

लेबर रूमचं तर आणखी वेगळं. बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं अशी अट होती की विद्यार्थिनीनं ३० गरोदर स्त्रिया तपासाव्यात आणि २० सरळ बाळंतपणं स्वतःच्या हातांनी करावीत. बाळंतपण वेळापत्रक बघून होत नाही. अडलेली बाई रात्री तीनला येते. म्हणून नाइट ड्यूटी लागते, आणि म्हणून ती टाळून चालत नाही. एखाद्या आईचा रक्तस्राव थांबत नाही तेव्हा पोटावरून गर्भाशय कसं चोळायचं, ते दगडासारखं घट्ट झालं म्हणजे हाताला कसं लागतं, हे वाचून समजत नाही. कुणीतरी आपला हात धरून तिथे ठेवावा लागतो.

आता मला ज्याची खरी चीड येते त्याबद्दल बोलते. कागदावर १०० टक्के हजेरी भरलेल्या कितीतरी मुलींनी वॉर्ड धड पाहिलेलाच नसतो. हॉस्टेलच्या खोलीत रात्री एकीचं केसबुक मधे ठेवून दहा जणी उतरवून काढतात. बाईचं नाव बदलायचं, वय दोन वर्षांनी पुढे-मागे करायचं, बाळाचं वजन थोडं बदलायचं. वीस बाळंतपणं अशी एका आठवड्यात ‘होतात’. मुलींना बोल लावून आपण मोकळे होतो, पण त्यांना वॉर्डच दिलेला नसेल तर त्यांनी करायचं काय? मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयला ३००हून अधिक नर्सिंग कॉलेजं तपासावी लागली. त्यातल्या अनेक ठिकाणी इमारत, खाटा, शिक्षक यांचा पत्ता नव्हता किंवा ते अपुरे होते. आणि कळस म्हणजे २०२४च्या मे महिन्यात, कॉलेजांना अनुकूल शेरा देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयनं त्या तपासातल्या आपल्याच अधिकाऱ्याला अटक केली. ते शेजारचं राज्य आहे, आपल्याला काय, असं म्हणू नका. त्या कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलगी उद्या नागपुरात किंवा पुण्यात तुमच्या उशाशी सलाईन लावायला उभी असेल.

याची दुसरी बाजूही आहे. एका जिल्ह्यात चार-पाच कॉलेजं असतात आणि सगळी एकाच सिव्हिलमध्ये पोस्टिंग मागतात. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे परिषदेचं प्रमाण आहे. प्रत्यक्षात एका अडलेल्या बाईभोवती डझनभर मुली वह्या घेऊन उभ्या असतात. त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. कळा देताना ती पदर ओढून घ्यायला बघते आणि मुली आपला आकडा भरला म्हणून सह्या घेतात. ही हजेरी मी हजेरी मानत नाही. त्या खोलीत त्या वेळी दोघीच हव्यात, एकीनं हाताशी राहायचं आणि एकीनं उशाशी. बाकीच्यांनी बाहेर थांबावं आणि आपली पाळी येईपर्यंत ड्यूटी करावी.

आणि ज्या मुली खरोखर येतात, त्या कधी कधी येऊ नये तेव्हाही येतात. अंगात ताप, नाक गळतंय, पण दिवस भरावा लागेल म्हणून नवजात बालकांच्या कक्षात उभ्या असतात. काही कॉलेजं चुकलेल्या दिवसामागे दंड वसूल करतात. हा नियम खाटेपाशी टिकत नाही. आजारी मुलीला घरी पाठवणं हे बाळाच्या हिताचं आहे. तिचे दिवस त्याच विभागात नंतर भरून घ्या, अगदी तासाला तास मोजून घ्या, पण पैसे घेऊ नका. दंडाच्या पावतीनं तिला इंजेक्शन द्यायला येत नाही.

आता गणवेशाकडे येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६०मध्ये सुरू झाली, त्याच सुमारास त्यांचं परिचर्येवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्यात नर्सच्या कपड्यांबद्दल त्यांची तक्रार आहे. त्या काळच्या बायकांच्या घेरदार पोशाखाची सळसळ आणि बुटांची करकर रुग्णाला किती छळते, हे त्या सांगतात. खाटेवर पडलेल्या माणसाच्या कानानं त्या कपडे तपासत होत्या. मग आपल्याकडे गणवेशाची तपासणी म्हणजे इस्त्री, चुण्या आणि ओढणीची लांबी एवढीच का उरली?

डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीचं उदाहरण घ्या. कॅपिंगच्या दिवशी आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मलाही त्या टोपीचा अभिमान होता. पण कांजी करून कडक केलेली ती टोपी रोज धुतली जात नसे, पिना सुटल्या की ड्रेसिंग करता करता सरकायची, सलाईनच्या नळीत अडकायची. बऱ्याच ठिकाणी ती गेली, बरं झालं. साडीचंही तसंच. साडीत वॉर्ड सांभाळलेल्या पिढीबद्दल मला आदर आहे, पण खाली वाकून जखम धुताना पदर ट्रेमध्ये पडतो आणि कुणी कोसळलं तर पळता येत नाही. सलवार-कमीज असो, शर्ट-पँट असो, ज्यात वाकता, पळता येतं आणि जे रोज धुता येतं ते चांगलं. डोक्याला रुमाल बांधणारी मुलगी असेल तर तो रोज धुतलेला असावा आणि टोकं आत खोचलेली असावीत, एवढं पुरे. केस बांधून जाळीत, पायात बंद बूट. चपलेवर सुई किंवा रक्त पडलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

माझा आग्रह आहे तो हातांबद्दल. २००७मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं कोपराच्या खाली काहीही नको, असं धोरण जाहीर केलं. लांब बाही नको, घड्याळ नको, दागिना नको. त्याच सुमाराच्या त्यांच्या मार्गदर्शिकेत हेही कबूल केलं होतं की गणवेशामुळे संसर्ग पसरतो याचा ठोस पुरावा नाही. मनगट मोकळं असेल तर हात नीट धुतले जातात, हे मात्र खरं. अमेरिकेत ओक्लाहोमा शहरातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात १९९७-९८च्या काळात स्यूडोमोनास नावाच्या जंतूची लागण लांबत गेली. लागण झालेल्यांपैकी १६ बाळं दगावली. तपासात दोन परिचारिकांच्या हातांशी तिचा संबंध दिसला. एकीनं लांब नखं वाढवली होती, दुसरीनं कृत्रिम नखं लावली होती. एवढंसं नख, आणि त्याखाली काय काय दडतं!

म्हणून नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, अंगठी नाही, बांगड्या नाहीत. घड्याळ हवंच, पण ते छातीवर पिन लावून अडकवायचं. सेकंदकाटा असलेलं, म्हणजे नाडी आणि श्वास मोजता येतील. इथे मला नव्यानं लग्न झालेल्या मुलींच्या सासवांशी बोलायचं आहे. हिरवा चुडा काढायचा म्हटलं की घरात अश्रू येतात. मला त्या भावनेची कदर आहे. मंगळसूत्र कमिजाच्या आत असू द्या, त्याला कुणाची हरकत नाही. पण मनगटावरच्या बांगडीखालची जागा धुतली जात नाही, आणि ते मनगट कुणाच्या तरी टाक्यांवर, कुणाच्या तरी बाळाच्या नाळेवर जातं. सुनेनं ड्यूटीला जाताना बांगड्या काढून देवघरात ठेवल्या तर तिचं काही वाईट होणार नाही. या नियमात मी कुणालाही सूट दिली नाही, देऊही नये.

आणि कॉलेजांना एक सांगणं आहे. गणवेश रोज धुवा म्हणायचं आणि हॉस्टेलला एक दिवसाआड पाणी द्यायचं, हे जमत नाही. ड्यूटीचे कपडे घालून एस.टी.त बसू नका म्हणायचं आणि दवाखान्यात कपडे बदलायला खोली द्यायची नाही, हेही जमत नाही. मी मुलींना लिनेनच्या कपाटाआड उभं राहून कपडे बदलताना पाहिलं आहे. अशा कॉलेजला ओढणीची लांबी मोजण्याचा अधिकार पोचत नाही. निदान तीन गणवेश, एक कुलूप लागणारी खोली आणि पुरेसं पाणी, एवढं आधी द्या, मग शिस्तीची भाषा करा. मुलग्यांनाही हेच सगळं लागू आहे. त्यांच्यासाठी वेगळी खोली लागते, हे तर अनेकांच्या ध्यानातही नसतं.

छातीवर नावाची पट्टी हवी, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत. आपल्या अंगाला हात लावणारं माणूस कोण आहे, शिकाऊ आहे की सिस्टर आहे, हे कळण्याचा रुग्णाला हक्क आहे.

बारावीचे निकाल लागले की प्रवेश सुरू होतात. आपल्यापैकी कुणाची मुलगी किंवा मुलगा नर्सिंगला जाणार असेल तर कॉलेज बघायला जाताना माहितीपुस्तिकेतल्या गणवेशाचा फोटो बाजूला ठेवा. स्वतःचं रुग्णालय आहे का, खाटा किती आहेत आणि त्यांवर खरंच रुग्ण आहेत का, ते आत जाऊन बघा. क्लिनिकल रोटेशन प्लॅन मागा आणि मुलगी कोणत्या महिन्यात कोणत्या वॉर्डात असेल ते लिहून घ्या. मग त्या वॉर्डात जाऊन तिथल्या इन-चार्ज सिस्टरला विचारा की या कॉलेजच्या मुली इथे येतात का, आणि ओव्हरला उभ्या असतात का. त्या सिस्टरनं मान डोलावली तरच फी भरा.