डस्टरचा आवाज
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आठवीत शेवटच्या बाकावर बसणारा आपला एक मित्र आठवतो? टेबलावर डस्टर आपटला की तो दोन्ही हात डोक्यावर घ्यायचा आणि आपण हसायचो. मीही हसायचो. कबड्डीच्या वेळी त्याच्या पाठीवरचे पट्ट्याचे वळ मी पाहिले होते. कुणाला बोललो नाही. दिवाळीनंतर त्याने एकाला कंपासपेटी फेकून मारली आणि त्याचं नाव पटावरून कमी झालं.

गेली बारा वर्षं मी मुलांच्या निरीक्षणगृहात समुपदेशक आहे. तिथे तेच दचकणं रोज दिसतं. लहानपणापासून मार खाल्लेल्या मुलाच्या मेंदूतला धोका ओळखणारा भाग, अमिग्डला, कायम पहाऱ्यावर असतो. समोरच्याचा नुसता रागावलेला चेहराही त्याला हल्ला वाटतो. मनाला आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणूनच सावरायला वाव असतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १९९५ साली अत्यंत हिंसक मुलांसाठी मेंडोटा उपचार केंद्र सुरू झालं. शिक्षा वाढवली की मूल आणखी बंड करतं, हे ओळखून तिथे रोजच्या चांगल्या वागण्याची नोंद होते आणि त्याची सवलत लगेच मिळते. तिथून बाहेर पडलेल्यांमध्ये पुन्हा हिंसक गुन्हा करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच कमी आढळलं.

आमच्याकडच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला मी सांगितलं होतं, दर मंगळवारी चारला येईन. एकदा वीस मिनिटं उशीर झाला, तर त्याने खिडकीची काच फोडली. मी ओरडलो नाही. उशिराबद्दल माफी मागितली आणि आम्ही दोघांनी मिळून काचा गोळा केल्या. आठ महिन्यांनी स्वयंपाकघरात पातेलं पडलं. तो दचकला, आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि पुन्हा गणित सोडवू लागला. एवढंच. पण त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

सगळीच मुलं अशी सावरत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला पंखे द्यायचं ठरलंय. जरूर देऊ. शिवाय दर शनिवारी सकाळी मी शाळेत येऊन बसेन, मानधन नको. सर, बाई, दचकणारं मूल दिसलं तर फक्त माझ्याकडे पाठवा.

आणि आपल्या त्या मित्राचा पत्ता मला अजून सापडलेला नाही. कुणाला ठाऊक असेल, तर जेवणाआधी मला भेटा.