आधी पाण्याचा हिशेब



भर उन्हाळ्यातल्या या व्याख्यानमालेत हवामान बदल हा विषय आहे म्हटल्यावर बर्फ वितळण्याची आणि समुद्र वाढण्याची चर्चा होईल, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी बोलणार आहे आपल्या शहरातल्या खाम नदीबद्दल, नारेगावबद्दल आणि ऑक्टोबर महिन्याबद्दल. वातावरण बदलते आहे, पण त्याची झळ बसते ती वस्तीला, गल्लीला, गावाला. म्हणून तयारीही तिथेच करावी लागेल.

हे शहर मुळात नदीच्या भरवशावर वसलेले नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला राजधानी वसवली, तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी त्याने भुयारी नहरींतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. उताराच्या जोरावर पाणी वाहायचे. पुढे पाणचक्कीची नहर आली, तिच्या पाण्यावर दगडी जाते फिरले. डोंगरात पाणी मुरले तर शहरात ते येणार, हे नहरीवर जगणाऱ्या माणसाला सांगावे लागत नसे.

आज आपले पाणी पैठणहून येते. तिथल्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे लोकार्पण केले. तिथून सुमारे पन्नास किलोमीटर पाणी पंपाने चढवत आणायचे. वीज गेली की पाणी गेले, जलवाहिनी फुटली की पाणी गेले. जायकवाडीचा नाथसागर जलाशय भरलेला असताना नळाला कित्येक दिवसांआड पाणी, हे आपण वर्षानुवर्षे सोसले. नव्या योजनेवर हजारो कोटी रुपये खर्च होत आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. पण जाड नळ आला म्हणजे शहर सुरक्षित झाले, असे मी मानत नाही. एकाच नळावर लटकलेले शहर दुष्काळातही धास्तावते आणि पुरातही.

आता खामकडे वळू. जटवाड्याच्या डोंगराकडून ती निघते, शहरातून वाहते आणि पुढे नाथसागराला मिळते. म्हणजे आपण ज्या जलाशयातून पितो, त्याच जलाशयात आपले सांडपाणी या वाटेने पोहोचते. ही गोष्ट या शहरातल्या प्रत्येक मुलाला शाळेत नकाशावर बोट ठेवून दाखवली पाहिजे. 2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व या मंडळींनी खामच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. काठावरचा कचरा निघाला, झाडे लागली, लोक काठावर फिरायला येऊ लागले. याचा मला मनापासून आनंद आहे. पण नदीची खरी परीक्षा पाण्यात आहे. ज्या वसाहतींचे मैलापाणी नाल्यांतून खाममध्ये उतरते, त्या वसाहती नियोजनाच्या बैठकीत बसल्या, तरच हे काम टिकेल.

बैठकीला कोणाला बोलावले नाही की काय होते, ते आपण फेब्रुवारी 2018 मध्ये पाहिले. तीन दशकांहून अधिक काळ शहराचा कचरा नारेगावला पडत होता. तिथल्या विहिरी नासल्या, धुराने माणसे खोकू लागली. शेवटी गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. आठवड्याभरात शहराच्या चौकाचौकांत ढीग साचले. मग पर्यायी जागा शोधत गाड्या मिटमिट्याकडे वळल्या आणि तिथे दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. त्यानंतरच ओला-सुका कचरा वेगळा करणे आणि चिकलठाणा, पडेगाव, हर्सूलला प्रक्रिया केंद्रे उभारणे याला गती आली. मला त्या गावकऱ्यांचे ऋण मान्य करावेसे वाटते. शाश्वत विकासाचे नियोजन कसे करायचे, हे या शहराला पहिल्यांदा त्यांच्या नकाराने शिकवले.

असा नकार स्वतःलाही देता यावा लागतो. हिवरे बाजार या गावाने तो दिला. पोपटराव पवारांच्या गावात दरवर्षी पाऊस मोजतात, पाणी किती उरेल ते ग्रामसभेत मांडतात आणि मगच रब्बीचे पीक ठरते. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस लावायचा नाही, हे गावाने ठरवले आणि पाळले. आपल्या शेजारी जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने 1996 पासून पाणलोटाचे काम केले आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या केल्या. पण शेततळ्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. पावसाच्या पाण्याने भरलेले शेततळे ही साठवण आहे. प्लास्टिक अंथरून बोअरने भरलेले शेततळे म्हणजे सगळ्यांच्या भूजलातला वाटा एकाने उचलून उन्हात ठेवणे. अनुदान दोघांनाही मिळते. फरक ग्रामसभाच करू शकते, कारण कोणाचा पंप रात्री चालतो हे तिला ठाऊक असते.

दुष्काळच येईल असेही धरून चालू नका. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर 2025 मध्ये शेतातली मातीसुद्धा वाहून गेली आणि जायकवाडीच्या विसर्गामुळे गोदाकाठच्या लोकांना घरे सोडावी लागली. कोरड्या वर्षाचा आणि पुराच्या वर्षाचा, असे दोन्ही आराखडे गावाकडे हवेत. आणि उन्हाचाही. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या आपल्या मजुरांसाठी, हातगाडीवाल्यांसाठी तो प्रभागाप्रभागांत लागेल.

नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचे की नाही, हे शासन ऑक्टोबरच्या मध्याला साठा पाहून ठरवते. त्या निकालाची आपण दरवर्षी वाट पाहतो, वरच्या लोकांकडे न्याय मागतो. तो मागायलाच हवा. पण त्याच आठवड्यात आपला हिशेब कोण मांडतो? शहरांसाठी कायद्यात ग्रामसभेसारख्या क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून आहे. एप्रिल 2020 नंतर कित्येक वर्षे तर इथे निवडून आलेले सभागृहच नव्हते, क्षेत्रसभा दूरच. माझी मागणी एवढीच आहे, की येत्या ऑक्टोबरमध्ये प्रत्येक प्रभागात अशी सभा बोलवावी. आपल्या हद्दीतल्या विहिरी, बोअर आणि नहरीचे अवशेष कुठे आहेत, टँकर किती येतात, सांडपाणी कोणत्या नाल्याने कुठे जाते, याची नोंद फळ्यावर लिहावी. त्या सभेला खामच्या खालच्या अंगाच्या गावांतली माणसेही बोलवावीत, आणि पहिले त्यांना बोलू द्यावे.