इटालियन सायकलवर जीव का जडतो?

आज बोलूया सायकलींवर, त्यातही इटलीच्या रोड बाईक्सवर. बारीक टायर, वाकडं हँडल, आणि किंमत ऐकली की घरचे विचारणार, "एवढ्यात तर मोटारसायकल आली असती!" प्रश्न चुकीचा नाहीये. त्याचं उत्तर शेवटाकडे देतो, आधी मला थोडं प्रेमात बोलू द्या.

सुरुवात एका नटापासून. 1920च्या दशकात रेसच्या सायकलला मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराची दातेरी चक्रं असायची. गिअर बदलायचा म्हणजे उतरायचं, नट सोडवायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. 1927 मध्ये तुल्यो कॅम्पान्योलो नावाचा विचेन्त्साचा एक रेसर क्रोचे दाउने या डोंगरी खिंडीत अडकला. बर्फ पडत होता, बोटं बधिर झालेली, नट काही हलेना. ही गोष्ट थोडी रंगवलेली असावी असं मला वाटतं, कारण कंपन्यांच्या जन्मकथा तशाच असतात! पण पुढचं खरं आहे. त्याने क्विक रिलीज बनवलं. पोकळ एक्सलमधून एक बारीक दांडी जाते आणि तिच्या टोकाला लिव्हर असतो. लिव्हर फिरवला की चाक घट्ट, उलटा फिरवला की मोकळं. पाना लागत नाही. 1933 साली त्याने विचेन्त्सात कंपनी काढली. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादी जरा बरी सायकल असेल तर तिच्या पुढच्या चाकाला हाच लिव्हर दिसण्याची शक्यता बरीच आहे.

आता माझा लाडका माणूस, जोव्हान्नी पिनारेलो. 1951च्या जिरो द'इटालियात तो शेवटचा आला. शेवटच्या माणसाला तेव्हा काळी जर्सी मिळायची आणि लोक तिच्यासाठी टाळ्याही वाजवायचे. पुढच्या वर्षी टीमला त्याच्या जागी दुसरा रेसर हवा होता, म्हणून त्याला 1 लाख लिरा देऊन बाजूला व्हायला सांगितलं. त्या पैशातून त्याने ट्रेव्हिझोमध्ये सायकलचं दुकान टाकलं. आज पिनारेलो हे नाव कुठे आहे ते तुम्हाला माहितीच आहे.

जुन्या स्टीलच्या फ्रेमबद्दल जरा निवांत सांगतो, कारण खरी मजा तिथे आहे. मिलानची कोलंबस कंपनी नळ्या बनवायची. त्यांची प्रसिद्ध एसएल नळी टोकांना 0.9 मिलिमीटर जाड असते आणि मध्ये फक्त 0.6. जोडाजवळ ताण जास्त येतो म्हणून तिथे धातू जास्त, मध्ये वजन वाचवायचं म्हणून कमी. बाहेरून काहीच दिसत नाही! बोटाने टिचकी मारा, मध्यभागी आवाज वेगळा येतो. अशा नळ्या जोडून कोलनागो, दे रोसा, चिनेल्ली यांनी फ्रेम्स बनवल्या. 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने एका तासात 49.431 किलोमीटर कापले ते कोलनागोने बनवलेल्या सायकलवर. कोलनागोचं चिन्ह माहितीये? किलवरचा एक्का!

बरं, आता कडू भाग. जपानच्या शिमानोचे गिअर आज अप्रतिम चालतात, स्वस्त पडतात, आणि सुटे भागही सहज मिळतात. माझी रोजची सायकल शिमानोवरच आहे. 2021 मध्ये तादे पोगाचारने टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा फ्रेम कोलनागोची आणि गिअर कॅम्पान्योलोचे होते. 2023 मध्ये त्याची टीम शिमानोकडे गेली. 2024च्या हंगामात तर सर्वोच्च पातळीवरची एकही टीम कॅम्पान्योलो वापरत नव्हती. ज्या कंपनीचे भाग लावणं म्हणजेच प्रोफेशनल असणं, तिची ही अवस्था! कोलनागोतला मोठा हिस्साही 2020 मध्ये अबू धाबीच्या गुंतवणूकदारांकडे गेला. "मेड इन इटली" वाचून पैसे मोजणार असाल तर आधी नीट चौकशी करा, कारण इटालियन नावाची प्रत्येक फ्रेम इटलीत बनत नाही.

मग तरी का आवडतं? कॅम्पान्योलोचा केबलवाला शिफ्टर हातात धरून बघा. आतल्या बाजूला अंगठ्याचं बटण असतं. चढ संपला, उतार लागला की अंगठा दाबायचा आणि चेन कडक आवाज करत लहान चक्रांवर उतरते. त्यांच्या जुन्या शिफ्टरची आतली स्प्रिंग झिजली तर उघडून बदलता येते, आख्खा शिफ्टर फेकावा लागत नाही. हे मला वेगापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

तर घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर. जिंकण्यासाठी घेत असाल तर त्या पैशात इटालियन घेऊ नका. जिंकण्यासाठी लागतात पाय, आणि ते दुकानात मिळत नाहीत. पण हौस असेल तर नव्या कार्बनच्या मागे लागण्याआधी एखादी जुनी स्टीलची फ्रेम शोधा. गंज आतून तपासा, सीट-पोस्ट अडकलेली नाही ना ते हलवून बघा, आणि मापाची नसेल तर कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. टस्कनीत 1997 पासून लेरोइका नावाची राइड होते. तिथे 1987 किंवा त्याआधीच्या सायकली लागतात, गिअरचे लिव्हर खालच्या नळीवर, आणि अर्धा रस्ता पांढऱ्या मातीचा. माझ्या यादीत ती सगळ्यात वर आहे.

तुमच्याकडे जुनी सायकल पडून असेल तर बॉटम ब्रॅकेटच्या खालचा नंबर आणि एक फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन उघडून बघू.